काळ्या रंगाखालचं तांबं

‘‘हा डबा आधी उंबऱ्याबाहेर ठेवा,’’ नाना म्हणाले, ‘‘मग चहा.’’

पुण्याहून आलेले नाडकर्णी साहेब डबा हातात धरून तसेच उभे राहिले. साहेब आपलं म्हणायचं म्हणून. वय सव्वीस-सत्तावीस, इंजिनियर झालेले, पण चेहरा शाळेत उशिरा पोचलेल्या मुलाचा. डब्यात काळा रंग होता, शाळेतल्या फळ्याला देतात तसला, बिनचमकीचा. नाना त्यांना तांब्याचे तीन मोठे पत्रे करून देणार होते आणि त्या पत्र्यांना हा रंग लावायचा होता. पत्र्यांचं बोलणं महिन्यापूर्वीच झालं होतं. रंगाचं कुणीच बोललं नव्हतं.

‘‘नाना, रंगाशिवाय पाणी तापायचं नाही,’’ नाडकर्णी हळूच म्हणाले.

‘‘बेचाळीस वर्षं बंब करतोय मी. पाणी कसं तापतं ते तुम्ही मला सांगणार?’’

मी चुलीपाशी उभी राहून हसू दाबत होते. डबा उंबऱ्याबाहेर गेला. चहा झाला.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या जानेवारीतली, वाईची. नाना माझे वडील, आणि मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्या गल्लीत एके काळी तांबटांची अकरा घरं ठोकत असायची. सकाळी सातला जो आवाज सुरू व्हायचा तो जेवणाच्या वेळेलाच थांबायचा. पाहुणे कानात बोटं घालायचे आणि आम्हाला मात्र तो थांबला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. सगळी मदार बंबावर होती. तांब्याचं उभं पिंप, मधोमध आरपार नळकांडं, नळकांड्यात लाकडं पेटवायची आणि भोवतीचं पाणी तापायचं. मग घरोघर विजेचे गिझर आले. अकरातली दोन घरं उरली, एक आमचं आणि एक पलीकडच्या भिकाकाकांचं. भंगारवाला दोनदा येऊन आमची ऐरण बघून गेला होता, आणि ती उचलून न्यायला नानांनी त्याला संक्रांतीनंतरचा शनिवार देऊन टाकला होता.

तशात हे नाडकर्णी आले. पाचगणीच्या वरच्या अंगाला एका गावात डॉक्टरीणबाई आठल्ये यांचं बाळंतपणाचं इस्पितळ होतं. तिथल्या गच्चीवर उन्हानं पाणी तापवायचं यंत्र बसवायचं होतं. काचेच्या झाकणाची पेटी, पेटीत तांब्याचा पत्रा, पत्र्यावर तांब्याच्या नऊ नळ्या. पत्रा उन्हानं तापतो, तो नळ्यांना ऊब देतो, नळ्या पाण्याला. पुण्यात त्यांनी नळ्या पत्र्यावर तारेनं बांधून बघितल्या होत्या; मध्ये फट राहायची आणि ऊब तिथेच अडायची. नळी पत्र्यात अंगठीत बोट बसावं तशी बसायला हवी होती. ते काम यंत्राचं नव्हतं, हातोडीचं होतं, आणि त्यासाठी ते वाईला आले होते. यंत्र चाललं तर बाईंच्या संस्थेच्या आणखी पाच इस्पितळांचं काम आमच्याकडे येणार होतं. नाही चाललं तर शनिवार होताच.

‘‘आणि तुमच्या त्या पेटीत विस्तव कुठे असतो?’’ नानांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

‘‘विस्तव नसतो.’’

‘‘बरं,’’ नाना म्हणाले होते. वेड्याला म्हणावं तसं.

तरी काम घेतलं. तांबं हातात आलं की नानांना नाही म्हणता यायचं नाही.

आमच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. ठोकायचं पुरुषांनी, घासायचं बायकांनी. आई गेल्यापासून घासायचं माझ्याकडे आलं होतं. चिंच, मीठ, बारीक राख आणि दोन्ही हात. नानांचा दंडक असा होता की ज्यात तोंड दिसत नाही ते भांडं उंबरा ओलांडत नाही. मी घासायची, ते येऊन वाकून स्वतःची मिशी बघायचे आणि मान हलवायचे. मग भांड्यावर खिळ्यानं ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायचं. ते गिऱ्हाइकाचं. करणाऱ्याचं नाव आमच्याकडे कधी भांड्यावर पडत नाही. आणि हातोडी बाईनं उचलायची नाही. ऐरणीला नुसता पाय लागला तरी नमस्कार करायचा.

दोन पत्रे झाले आणि नानांना थंडीतापानं गाठलं. सात दिवस ते आतल्या खोलीत गोधडीखाली कुडकुडत होते. तिसरा पत्रा भिंतीला टेकून उभा. डॉक्टरीणबाईंना दिवस कळवलेला, टेम्पो ठरलेला. मी दोन दिवस त्या पत्र्याकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ऐरणीला नमस्कार केला आणि हातोडी उचलली.

पत्रा तापवून नरम करायचा, खाचेच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा, वरून लोखंडी गज धरायचा आणि ठोकत ठोकत नळीपुरती पन्हळ पाडायची. बघून बघून मला सगळं पाठ होतं. पण डोळ्यांना येत असलेलं हातांना येतंच असं नाही. पहिली पन्हळ वाकडी गेली. दुसरी आणि तिसरी तिला बघून वाकड्या गेल्या. चौथीला मात्र काय झालं कोण जाणे, हातोडी जड लागेनाशी झाली. तांबं हलकेच मागे सरत होतं, मी म्हणेन तिकडे जात होतं. अंगावर काटा आला माझ्या. इतकी वर्षं मी तांब्याचं फक्त तोंड धूत आले होते. ते ऐकतंसुद्धा, हे मला ठाऊकच नव्हतं.

‘‘कोण ठोकतंय?’’ आतून नानांचा आवाज आला.

‘‘भिकाकाका आलेत, नाना. तिसरा पत्रा पुरा करून देतो म्हणाले.’’

तीन दुपारी भिकाकाका येत राहिले.

नाना उठले तेव्हा मी तिसरा पत्रा नळ्या बसवून, सांध्यांना डाख देऊन, घासून ठेवला होता. त्यांनी तो उन्हात नेला. अंगठ्यानं एकेक पन्हळ चाचपली.

‘‘या पहिल्या तीन ओळी भिक्याच्याच,’’ ते म्हणाले. ‘‘पुढं मात्र हात सुधारलाय त्याचा.’’

एवढं बोलून ते मिशी बघायला वाकले. तिन्ही पत्रे इतके लखलखत होते की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. अशा तांब्याला तो काळा रंग फासायचा! मलाही ते पटत नव्हतं, खोटं कशाला बोलू?

टेम्पोत नाना पुढे आणि मी मागे, गोधड्यांत गुंडाळलेल्या पत्र्यांपाशी, जशा काही तीन बाळंतिणीच नेत होतो. रंगाचा डबा नाडकर्ण्यांनी मांडीवर घेतला होता.

इस्पितळ लहानसं, बारा खाटांचं. मागच्या अंगाला न्हाणीघर आणि न्हाणीघरात आमच्याच गल्लीतला कुणाचा तरी जुना बंब, धुरानं डोळे पुसत बसलेल्या ठकूबाई आयाच्या ताब्यात. ठकूबाईनं आमच्याकडे एक नजर टाकली आणि बंबात आणखी एक ढलपी सारली.

आठल्येबाई साठीच्या, केस पांढरे, बोलणं तोडून. नानांना म्हणाल्या, ‘‘माझ्याकडे थंडीत बाळं जन्मतात, लांजेकर. पहाटे, दुपारी, कधीही. ठकूच्या लाकडांची वाट बघत नाहीत ती. तुमच्या या चौकटीनं पाणी तापतंय का, एवढंच मला दोन दिवसांत सांगा.’’

गच्चीवर पेट्या दक्षिणेकडे तोंड करून तिरप्या बसवल्या. पाण्याची टाकी त्यांच्या वर, उंच चौथऱ्यावर. काच लावायच्या आधी नाडकर्ण्यांनी एकदा डब्याकडे आणि एकदा नानांकडे बघितलं.

‘‘एक दिवस माझ्या म्हणण्यानं चालू द्या,’’ नाना म्हणाले. ‘‘तांब्यासारखं तापणारं दुसरं काही नाही. त्याला कसली भर नको.’’

नाडकर्णी भिडस्त. त्यांनी काच लावली.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ. थंडी असली तरी दुपारचं ऊन इतकं कडक की गच्चीवर अनवाणी पाय ठेववेना. तिन्ही पत्रे पेटल्यासारखे दिसत होते. समोरच्या घराच्या भिंतीवर तीन लांबट उजेडाचे तुकडे पडले होते आणि त्या घरातली म्हातारी खिडकी लावून घेताना आम्हाला काहीबाही बोलत होती. नाना खूश. दर तासाला मला म्हणायचे, ‘‘बघ, कसं पेटलंय.’’

चार वाजता नाडकर्ण्यांनी टाकीचा नळ सोडला. नानांनी खाली हात धरला आणि तसाच धरून ठेवला. मीही बोटं घातली. कोमट. पाहुणा आता येईल, मग येईल म्हणून करून ठेवलेल्या चहासारखं कोमट.

आठल्येबाई वर आल्या, त्यांनी मनगट नळाखाली धरलं, ‘‘उद्याचा दिवस आहे अजून,’’ म्हणाल्या आणि खाली गेल्या. ते ‘अजून’ फार वाईट होतं.

नाना कठड्याशी जाऊन बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. पत्र्यांत खोट नव्हती, नळ्या घट्ट होत्या, डाख पक्का होता, घासणं माझं होतं. आणि शनिवार परवावर आला होता.

‘‘तांबं हरलं, हेमे,’’ ते म्हणाले.

‘‘तांबं नाही हरलं, नाना,’’ नाडकर्णी बोलले. पहिल्यांदाच जरा ठाम. ‘‘आलेलं ऊन ते आरशासारखं परत पाठवतंय. ती भिंत बघा. आपलं सगळं पाणी तिकडे तापतंय.’’

समोरच्या भिंतीवरचे उजेडाचे तुकडे आता पिवळे होत वर सरकले होते. नानांनी बघितलं, पण मान हलवली नाही. ‘‘म्हणून काळं करायचं? माझ्या हातचं?’’

खालून ठकूबाईच्या विझत आलेल्या बंबाचा धूर येत होता. मी त्या धुराकडे बघत होते आणि एकाएकी मला काहीतरी दिसलं. जन्मभर समोर असलेलंच, पण आत्ता दिसलं. मी नानांचा हात धरून त्यांना न्हाणीघरात नेलं. ठकूबाईला म्हटलं, ‘‘मावशी, जरा सरका,’’ आणि बंबाचं झाकण काढून नळकांड्याच्या तोंडाशी आतून बोट फिरवून नानांसमोर धरलं. बोट काळंकुट्ट.

‘‘नाना, बंब बाहेरून आपण घासतो. हे नळकांडं आतून कधी घासलंय का?’’

‘‘ते कशाला घासायचं? काजळी बसतेच. बसली की पाणी उलट...’’

नाना थांबले. वाकून त्यांनी त्या काळ्या भोकात बघितलं. बराच वेळ बघितलं. बाहेरचं झळझळीत तांबं आणि आतलं काळं तांबं. एक बघणाऱ्यासाठी, एक पाण्यासाठी. बेचाळीस वर्षांत त्यांनी किती बंब केले असतील, आणि प्रत्येकात काम करणारा भाग काळाच होता.

‘‘आवं, काय हरवलंया का आत?’’ ठकूबाईनं विचारलं.

‘‘सापडलंय,’’ नाना म्हणाले.

वर येऊन त्यांनी काचा स्वतः उतरवल्या. डबा स्वतः उघडला. मग आम्हाला म्हणाले, ‘‘तुम्ही दोघं खाली जाऊन चहा घ्या. मी जरा पत्रे पुसून ठेवतो. रंग धरायला कोरडं लागतं.’’

जिना उतरताना मला वरून बारीक टकटक ऐकू आली. एखादा खिळा सैल झाला असेल असं वाटलं. आम्ही चहा घेऊन वर गेलो तेव्हा दोन पत्रे काळे झाले होते आणि नाना तिसऱ्यावर कुंचला ओढत होते, शेवटचा हात. डोळे लाल. रंगाचा वास उग्र होता म्हणाले.

सकाळपर्यंत रंग वाळला. काचा चढल्या. त्या दिवशी पत्रे मुळीच पेटलेले दिसत नव्हते. नुसत्या तीन काळ्या चौकटी, मुकाट पडलेल्या. समोरच्या भिंतीवर काही नाही. म्हातारीनं खिडकी उघडली. ऊन येत होतं आणि कुठेही जात नव्हतं.

अकराच्या सुमारास नाडकर्णी म्हणाले, ‘‘नाना, इकडे या. वरच्या नळीला हात लावा. जपून.’’

नानांनी हात लावला आणि झटकन काढला. मग पुन्हा लावला.

‘‘आता खालच्या.’’

खालची गार होती. मी दोन्हीकडे हात लावून बघितला. एका बाजूनं गार पाणी पत्र्यात शिरत होतं, दुसऱ्या बाजूनं कढत होऊन टाकीत चढत होतं. वर. आपल्या डोक्याच्या वर.

‘‘पंप कुठे लपवलाय?’’ नानांनी विचारलं.

‘‘पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होतं, वर जातं. त्याच्या जागी गार येतं. ऊन आहे तोवर फिरत राहतं.’’

‘‘आपलं आपण?’’

‘‘आपलं आपण.’’

विस्तव नाही, धूर नाही, पंप नाही, माणूस नाही. आवाजसुद्धा नाही. नाना नळीला कान लावून ऐकत राहिले. आवाजात जन्म काढलेला माणूस तो. मी त्यांना देवळातही कधी असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. आमच्या तांब्यातून आख्ख्या टाकीचं पाणी वर चढत होतं आणि गच्चीवर इतकं शांत होतं की खालच्या खोलीतलं बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. मला रडू फुटलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. जग केवढं तरी मोठं आणि तरीही आपल्या हाताला लागेल एवढं जवळ आहे, असं काहीतरी वाटलं.

तीन वाजता न्हाणीघरातून आरोळी आली. ‘‘अगं आई गं! पोळलं की!’’ टाकीचं पाणी आता न्हाणीघरातल्या नळाला जोडलं होतं आणि ठकूबाईनं सवयीनं त्याखाली हात घातला होता. आम्ही धावलो. ती पदरानं हात पुसत नळाकडे असं बघत होती की तो आता बोलेल. ‘‘कुनी पेटवलं वो? म्या तर सकाळधरनं काडी लावली न्हाई.’’

आठल्येबाईंनी कढत पाण्यात विसाण म्हणून गार पाणी घातलं, कोपर बुडवून बघितलं, आणि सकाळी जन्मलेल्या एका मुलीला त्याच पाण्यानं न्हाऊ घातलं. मग ओल्या हातांनीच नानांना म्हणाल्या, ‘‘पाच इस्पितळं. पंधरा पत्रे. कधीपर्यंत देता?’’

शनिवारी भंगारवाला आला आणि चहा पिऊन रिकामा गेला.

सोमवारी नाना ऐरणीपाशी बसले. मला वाटलं, आता भिकाकाकांना बोलावणार आणि माझं बिंग फुटणार. नाना तापानं पडले होते त्या सगळ्या आठवड्यात भिकाकाका तर कराडला लेकीकडे होते, हे मला आदल्याच दिवशी कळलं होतं. लबाडी करावी तर माणसानं धड चौकशी करून करावी. पण नानांनी भिकाकाकांचं नावच काढलं नाही. दुसरी हातोडी उचलून ऐरणीच्या पलीकडच्या अंगाला ठेवली आणि म्हणाले, ‘‘बस.’’

मी बसले. आजपर्यंत बसलेली आहे.

नाना शहाण्णव साली गेले. त्यांनी मला सगळं शिकवलं, रागावून, ओरडून, पत्रा फेकून. पण कुणी विचारलं, कोण हो ही, तर म्हणायचे, ‘‘पोरगी आहे. हाताखाली असते.’’ मीही तेच म्हणत आले. दुकानावर पाटी त्यांचीच, दामोदर लांजेकर, तांबट. माझं नाव घालावं असं कुणी सुचवलं तरी मला ते उसने दागिने घालून मिरवल्यासारखं वाटायचं. आपण हाताखालचे.

गेल्या वर्षी त्या इस्पितळाची जुनी गच्ची पाडली. चाळीस वर्षं चाललेले ते तीन पत्रे त्यांनी दुरुस्तीला माझ्याकडे पाठवले. एकाची नळी झिरपत होती, बाकी ठणठणीत. डाख द्यायचा तर आधी रंग काढायला हवा. मी खरवडायला बसले. पहिल्या तीन पन्हळी वाकड्या लागल्या तेव्हा हसू आलं. हा पत्रा कुठला ते हातांनीच ओळखलं. रंग निघाला, खाली तांबं मळकट. जुन्या सवयीनं चिंच आणि मीठ घेतलं आणि घासायला लागले.

चौथ्या पन्हळीच्या बाजूला बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. ठिपके. नाव घालायच्या खिळ्याचे ठिपके, नानांच्या वळणाचे, ‘ल’ची उभी रेघ जरा मागे झुकलेली.

हेमलता दामोदर, तांबट.

दुसऱ्या दोन पत्र्यांवर मी रंग काढून बघितलं. काही नव्हतं.

नानांनी ते नाव भिंतीवर लावलं नाही, तोंडानं म्हटलं नाही. जिथे कुणी कधी बघणार नाही, पण जिथे सगळं काम होतं, तिथे घालून ठेवलं आणि वरून स्वतःच्या हातानं काळा रंग दिला. एकोणीस वर्षांची मी खाली चहा पीत होते तेव्हाच मी तांबट झालेली होते, आणि चाळीस वर्षं ते नाव रोज उन्हात तापत होतं, त्यावरून पाणी चढत होतं, त्या पाण्यानं कितीतरी बाळं न्हाली होती.

पत्रा घासून झाला तेव्हा त्यात माझं तोंड दिसलं. पांढरे केस, ओले गाल. इस्पितळातून फोन आला की जुने पत्रे ठेवून घेतले तरी चालतील, आम्ही नवे घेऊ. मी म्हटलं, नको, हेच बसवा.

नळीला डाख दिला. मग डबा उघडला आणि नावावरून कुंचला फिरवला, एकदा, आणि वाळल्यावर पुन्हा एकदा.